विरोधी बाकावरचा वकील मतदाराला काय मिळवून देतो?

निवडणुका जवळ आल्या की सोलापूर कोर्टाच्या आवारात एक प्रश्न हमखास निघतो, आणि तो बहुतेक वेळा नुकतीच वकिलीची सनद घेतलेली मुलंच विचारतात. सत्तेतला आमदार रस्ता आणतो, निधी आणतो, अडलेली फाईल हलवतो. विरोधात बसलेला आमदार काय आणतो? आणि तो वकील असला, तर मतदाराच्या पदरात जास्तीचं काय पडतं?

प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर शोधायला आपल्याला जिल्ह्याबाहेर जायची गरज नाही. सांगोल्याचे गणपतराव देशमुख, म्हणजे सगळ्यांचे आबासाहेब, मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचे. कायद्याची पदवी घेऊन त्यांनी सांगोल्यात वकिली केली आणि १९६२ साली शेतकरी कामगार पक्षाकडून (शेकाप) ते पहिल्यांदा विधानसभेत गेले. पुढे १९६७, मग १९७४ ची पोटनिवडणूक, १९७८, १९८०, १९८५, १९९०, १९९९, २००४, २००९ आणि २०१४. एकाच मतदारसंघातून, एकाच पक्षाकडून ११ विजय. मंत्रिमंडळात ते दोनदाच गेले, १९७८ मध्ये आणि १९९९ मध्ये, दोन्ही वेळा आघाडी सरकारात आणि थोड्या काळासाठी. बाकीची सगळी कारकीर्द विरोधी बाकावर. ३० जुलै २०२१ ला सोलापुरातच त्यांचं निधन झालं.

त्यांच्याबद्दल लिहिताना लोक साधेपणावर थांबतात. एसटीने प्रवास करायचे, आमदार निवासात राहायचे, अधिवेशनात पूर्ण वेळ बसायचे. हे सगळं खरं आहे आणि मोठंही आहे. पण साधेपणामुळे माणसाला मान मिळतो, ५० वर्षं मतं मिळत नाहीत. सत्ता नसलेल्या माणसाला दुष्काळी तालुका पुन्हा पुन्हा का निवडून देतो, हे समजून घ्यायचं तर विधानसभेचं काम कसं चालतं ते आधी पाहावं लागतं. माझं मत असं की वकिलाचा विरोधी बाकावर खरा उपयोग भाषणासाठी होत नाही. तो होतो सरकारचा शब्द कागदावर आणून ठेवण्यासाठी. हा मुद्दा जरा सविस्तर मांडतो.

संख्या नसते तेव्हा

१९६२ ची विधानसभा डोळ्यांसमोर आणा. संयुक्त महाराष्ट्र होऊन दोन वर्षं झालेली. एकूण जागा २६४, त्यांतल्या २१५ काँग्रेसच्या. मतदान घेऊन विरोधक एकही ठराव जिंकू शकत नव्हते. पस्तिशीच्या आसपासचे गणपतराव अशा सभागृहात बसले, तेव्हा विरोधी पक्षनेते त्यांच्याच पक्षाचे कृष्णराव धुळप होते.

शेतकरी कामगार पक्षात त्या काळी कायदा शिकलेली माणसं बरीच. उस्मानाबादचे उद्धवराव पाटील, पनवेलकडचे दि. बा. पाटील, एन. डी. पाटील, सगळ्यांकडे कायद्याची पदवी होती. यामागचं कारण त्या काळच्या शेतीत सापडतं. १९४८ चा कूळ कायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन यांनी जमीन कसणाऱ्याला मालक मानलं. पण कायद्याने मालक मानलं म्हणून सातबारावर नाव लागत नाही. कूळ असल्याचा पुरावा, पीकपाहणीतली नोंद, फेरफार, मामलेदारापुढची तारीख, प्रांताकडचं अपील, हे सगळं पार करावं लागतं. तालुक्याच्या कोर्टात बसणाऱ्या वकिलाला हे रोज दिसायचं. चांगला कायदा आणि कसणाऱ्याच्या हातातला कागद यांच्यामध्ये किती माणसं उभी आहेत, हे ज्याने पाहिलंय त्याला विधानसभेत नेमकं कुठे बोट ठेवायचं ते कळतं.

तर संख्या नसलेल्या आमदाराच्या हातात काय असतं? तारांकित प्रश्न असतो, म्हणजे ज्याचं तोंडी उत्तर मंत्र्याला सभागृहात द्यावं लागतं असा प्रश्न, लक्षवेधी सूचना असते, अर्धा तास चर्चा असते. अर्थसंकल्पाच्या मागण्यांवर कपात सूचना देता येते. म्हणजे अमुक खात्याच्या मागणीतून १०० रुपये कमी करा, असा प्रस्ताव. १०० रुपयांनी कुणाचं काही बिघडत नाही, पण त्या निमित्ताने त्या खात्याच्या कारभारावर बोलायचा हक्क मिळतो. औचित्याचा मुद्दा असतो, अशासकीय विधेयक असतं, अधिवेशनाच्या शेवटी विरोधकांचा अंतिम आठवडा प्रस्ताव असतो. शिवाय समित्या. या सगळ्यांत मला सर्वात महत्त्वाचा वाटतो तो तारांकित प्रश्न, कारण वकिली तिथे थेट कामाला येते.

प्रश्न विचारणं हे कसब आहे

समजा सांगोला तालुक्यातल्या एका गावाला कालव्याचं पाणी मिळालं नाही. आमदाराने विचारलं, ‘तालुक्यात पाण्याची तीव्र टंचाई असून शासन याकडे दुर्लक्ष करत आहे काय?’ उत्तर येईल, ‘हे खरे नाही.’ झालं, प्रश्न संपला. टंचाई ‘तीव्र’ आहे की नाही हे ठरवणार कोण आणि ‘दुर्लक्ष’ मोजणार कसं? मंत्र्याला निसटायला पूर्ण वाव मिळाला.

आता विधानसभेच्या छापील यादीत प्रश्न कसा येतो ते बघा. त्याची ठरलेली मांडणी असते. सन्माननीय मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय, अशी सुरुवात. मग पहिला भाग: अमुक महिन्यात, अमुक गावात, अमुक गोष्ट घडली, हे खरे आहे काय. दुसरा भाग: असल्यास, या प्रकरणी शासनाने चौकशी केली आहे काय, त्यात काय आढळून आले. तिसरा: त्यानुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे. आणि शेवटचा: नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत.

ही साखळी नीट वाचा. आरोप कुठेच नाही. पहिल्या भागात फक्त वस्तुस्थिती आहे, आणि तिचं उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’ असं अपेक्षित असतं. ‘होय’ म्हटलं की दुसरा भाग लागू होतो. चौकशी केली म्हटलं की काय आढळलं ते सांगावं लागतं. केली नाही म्हटलं की कारण द्यावं लागतं. साक्षीदाराच्या उलटतपासात आपण हेच करतो. एका प्रश्नात एकच गोष्ट, आणि प्रत्येक उत्तर पुढच्या प्रश्नाला बांधलेलं.

मांडणी सगळ्यांना सारखीच मिळते. फरक पडतो तो पहिल्या भागातल्या तपशिलाने. आपल्या उदाहरणातला प्रश्न वकील असा लिहील: ‘मौजे अमुक, तालुका सांगोला येथील वितरिकेला उन्हाळी आवर्तनात ठरलेल्या तारखेला पाणी सोडण्यात आले नाही, तसेच याबाबत ग्रामपंचायतीने अमुक दिनांकास कार्यकारी अभियंता यांना निवेदन दिले आहे, हे खरे आहे काय?’ आता ‘हे खरे नाही’ म्हणायची सोय राहिली नाही. निवेदन दिल्याची पोच ग्रामपंचायतीकडे आहे. आवर्तनाची नोंद पाटबंधारे खात्याच्या स्वतःच्या वहीत आहे. मंत्री खोटं बोलले तर हक्कभंगाची सूचना येऊ शकते, म्हणून खात्याचा अधिकारी उत्तराचा मसुदा करताना आधी ती वही काढून बघतो. पुष्कळदा काम तिथेच सुरू होतं. प्रश्न सभागृहात पुकारला जायच्या आधीच वितरिकेत पाणी येतं, आणि उत्तरात लिहिलं जातं की पाणी सोडण्यात आले आहे.

उत्तरांमध्येही काही ठरलेले प्रकार असतात. ‘हे अंशतः खरे आहे.’ ‘प्रश्न उद्भवत नाही.’ ‘बाब तपासण्यात येत आहे.’ वकिलाचे कान इथे लगेच उभे राहतात, कारण दिवाणी दाव्याच्या कैफियतीत, म्हणजे प्रतिवादीच्या लेखी उत्तरात, त्याने हेच रोज वाचलेलं असतं. दिवाणी प्रक्रिया संहितेतल्या आठव्या आदेशाचे तिसरा, चौथा आणि पाचवा नियम काय सांगतात? वादीचं प्रत्येक विधान नेमकेपणाने नाकारलं पाहिजे. गुळमुळीत नकार चालत नाही. जे नेमकं नाकारलेलं नाही ते मान्य आहे असं धरता येतं. संहितेतच उदाहरण दिलंय. प्रतिवादीने अमुक रक्कम घेतली असा आरोप असेल, तर ‘मी ती रक्कम घेतली नाही’ एवढं म्हणून भागत नाही. ती रक्कम किंवा तिचा कुठलाही भाग घेतला नाही, असं म्हणावं लागतं. घेतली असेल तर किती ते सांगावं लागतं.

‘हे अंशतः खरे आहे’ असं उत्तर आलं की असा माणूस उपप्रश्नाला उभा राहून विचारतो, ‘कोणता अंश?’ सभागृहाला संहितेचे नियम लागू नाहीत, तरी वाचायची सवय तीच कामाला येते. भाषण ऐकून झालेला आमदार आणि कैफियत वाचून झालेला आमदार यांच्यातला फरक या दोन शब्दांच्या उपप्रश्नात दिसतो.

मंत्र्यांनी सभागृहात दिलेला शब्द हवेत जाऊ नये म्हणून आश्वासन समिती असते. ‘चौकशी करू’, ‘तीन महिन्यांत निर्णय घेऊ’ अशी वाक्यं कामकाजातून वेचून काढली जातात आणि त्यांचं पुढे काय झालं हे समिती खात्यांना विचारते. महालेखापालांचे अहवाल तपासणारी लोकलेखा समिती आहे, आणि तिचं अध्यक्षपद विरोधकांकडे देण्याचा संकेत आहे. या समित्यांत कॅमेरे नसतात, टाळ्या नसतात. सचिवांना समोर बसवून कागदपत्रांवर तासन्‌तास प्रश्न विचारायचे असतात. ज्याला यात रस वाटतो त्याचं नाव वर्तमानपत्रात कमी येतं आणि काम जास्त होतं.

जीआर आणि कायदा

माझ्या अनुभवात शिकलेल्या माणसांचाही सर्वात जास्त गोंधळ इथे होतो. सरकारने ‘योजना जाहीर केली’ म्हणजे काय झालं? बहुतेक वेळा शासन निर्णय निघाला, म्हणजे जीआर. जीआर हा सरकारचा प्रशासकीय आदेश. आज काढला, उद्या दुसरा काढून बदलता येतो. पैसे संपले की योजना आपोआप मंदावते आणि लाभार्थ्याला दाद मागायला फारशी जागा उरत नाही. कायदा वेगळा. तो विधिमंडळाने मंजूर केलेला असतो, बदलायचा तर पुन्हा विधिमंडळापुढे यावं लागतं, आणि त्यात हक्क लिहिलेला असेल तर नागरिक त्या हक्कासाठी भांडू शकतो.

रोजगार हमी हे याचं आपल्या मातीतलं उदाहरण. वि. स. पागे यांनी ही कल्पना मांडली आणि १९७२ च्या दुष्काळात ती मोठ्या प्रमाणावर राबवली गेली. ज्यांनी तो दुष्काळ पाहिलाय त्यांना खडी फोडायची कामं, सुकडी आणि रेशनची मिलो अजून आठवते. सोलापूर जिल्ह्यातली गावंच्या गावं त्या कामांवर होती. पण तोवर ती योजनाच होती. १९७७ साली रोजगार हमीचा कायदा विधिमंडळाने मंजूर केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. त्यानंतर मजुराने काम मागितल्यावर १५ दिवसांत काम देणं सरकारवर बंधनकारक झालं, आणि काम देता आलं नाही तर बेकारी भत्ता. मजूर काम मागायला येतो तेव्हा तो विनंती करत नाही, हक्क बजावतो, हा बदल त्या कायद्याने केला. पुढे २००५ साली देशाने रोजगार हमीचा कायदा केला, त्याची मुळं इथे आहेत.

या तारखांच्या आसपास गणपतराव कुठे होते तेही बघण्यासारखं आहे. १९७७-७८ मध्ये ते स्वतः विधानसभेतले विरोधी पक्षनेते होते. जुलै १९७८ मध्ये वसंतदादा पाटलांचं सरकार पडलं, शरद पवारांच्या नेतृत्वाखाली पुलोदचं, म्हणजे पुरोगामी लोकशाही दलाचं सरकार आलं आणि शेकाप त्यात सामील झाला. म्हणजे कायदा मंजूर होण्याच्या काळात ते विरोधी बाकावर आणि अंमल सुरू होताना मंत्रिमंडळात. फेब्रुवारी १९८० मध्ये ते सरकार बरखास्त झालं आणि गणपतराव पुन्हा आपल्या ओळखीच्या बाकावर येऊन बसले.

पाणी मिळवायचं तर आधी निवाडा वाचावा लागतो

सांगोला तालुका माण नदीच्या खोऱ्यात, पर्जन्यछायेत. डाळिंबाने या तालुक्याला नाव दिलं, पण डाळिंबालाही पाणी लागतंच. पाण्याचा प्रश्न बाहेरून बघणाऱ्याला धरणाचा आणि कालव्याचा वाटतो. त्याच्या मुळाशी मात्र एक निवाडा आहे.

कृष्णा खोऱ्यातलं पाणी महाराष्ट्र, कर्नाटक आणि त्या वेळचा आंध्र प्रदेश यांत वाटून देण्यासाठी १९६९ साली न्यायमूर्ती बच्छावत यांच्या अध्यक्षतेखाली लवाद नेमला गेला. १९७६ साली अंतिम निवाडा आला. महाराष्ट्राच्या वाट्याला ५६० टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. भीमा कृष्णेला मिळते, म्हणून उजनीसकट आपला सगळा जिल्हा याच हिशेबात बसतो. निवाड्याचा ३१ मे २००० नंतर फेरविचार होऊ शकेल, अशी तरतूद होती. तोवर आपल्या वाट्याचं पाणी अडवलं आणि वापरलं नाही, तर पुढच्या वाटपात आपली बाजू लंगडी पडेल, ही धास्ती राज्याला होती. १९९६ साली कृष्णा खोरे विकास महामंडळ निघालं त्यामागे हीच घाई.

पण राज्याच्या वाट्याचं पाणी राज्याच्या आत कुणाला द्यायचं, हे लवादाने ठरवून दिलेलं नव्हतं. ते सरकार ठरवणार. नदीकाठच्या, आधीच बागायती असलेल्या भागाला सगळं जाणार की माणदेशालाही वाटा मिळणार? १९९३ पासून आटपाडीत भरलेल्या पाणी परिषदेने हा प्रश्न धरून ठेवला. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, भारत पाटणकर आणि गणपतराव हे तिचे आधार. सांगली, सातारा आणि सोलापूर या जिल्ह्यांतले १३ दुष्काळी तालुके तिच्यामागे होते. मागणी समन्यायी वाटपाची होती. कऱ्हाडजवळच्या टेंभूतून आणि मिरजेजवळच्या म्हैसाळमधून कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्याने उचलून वर माणदेशात आणायचं.

या लढ्यात एक माणूस मोर्चात चालत होता आणि तोच माणूस विधानसभेत बसून अर्थसंकल्पातली टेंभूची तरतूद वाचत होता. नुसता मोर्चा असता तर सरकारने निवेदन घेतलं असतं आणि विषय फाईलला लावला असता. नुसता विधानसभेतला प्रश्न असता तर ‘निधीच्या उपलब्धतेनुसार कार्यवाही करण्यात येईल’ असं उत्तर मिळालं असतं. बाहेर हजारो माणसं आणि आत हातात कागद, असे दोन्ही जुळून आले की सरकारला टाळता येत नाही. तरीही या योजनांचं पाणी शेतापर्यंत यायला पिढी गेली. विरोधी राजकारणाची गती ही अशीच असते, हे मतदारालाही ठाऊक असलं पाहिजे.

पराभव

गणपतरावांचे ११ विजय सगळे मोजतात. मला दोन पराभव तितकेच बोलके वाटतात. १९७२ साली ते हरले आणि दोन वर्षांत पोटनिवडणुकीतून परत आले. १९९५ साली शहाजीबापू पाटलांनी त्यांना अवघ्या १९२ मतांनी हरवलं. साठी उलटून गेलेली, राज्यात पहिल्यांदाच युतीचं सरकार, आणि पक्ष आकसत चाललेला. त्या काळात पक्ष बदलून सत्तेच्या जवळ जाणं अनेकांना शहाणपणाचं वाटलं. ते बदलले नाहीत आणि १९९९ ला निवडून आले. त्यांनी उभी केलेली सांगोल्याची सहकारी सूतगिरणी या काळातही चालू राहिली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. विरोधी आमदाराला सरकारी निधीवर हुकमत नसते. मग मतदारसंघात स्वतःच्या पायावर उभी असलेली एक तरी संस्था लागते, जिचा हिशेब लोकांना बघता येतो.

१९७४ च्या पोटनिवडणुकांत सोलापूर जिल्ह्यातून कायदा शिकलेली दोन माणसं विधानसभेत गेली. सांगोल्यातून गणपतराव आणि करमाळ्यातून सुशीलकुमार शिंदे. शिंदेसाहेबांनी याच सोलापूरच्या कोर्टात शिपाई म्हणून नोकरी सुरू केली, पुढे कायद्याची पदवी घेतली, पोलीस उपनिरीक्षक झाले आणि मग राजकारणात आले. ते मुख्यमंत्री झाले, देशाचे गृहमंत्री झाले. दोघांचे रस्ते पूर्ण वेगळे, आणि लोकशाहीत दोन्ही रस्ते सारखेच महत्त्वाचे. एकाने कायदा सरकार चालवायला वापरला, दुसऱ्याने सरकारला विचारायला.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर वकील वकिलांची तारीफ करतोय असं वाटेल. हे काम करायला सनद लागतेच असं नाही. सोलापूर शहरातून तीन वेळा आमदार झालेले नरसय्या आडम मास्तर वकील नाहीत. विडी कामगार महिलांसाठी १० हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत आणि नंतर कुंभारीला असंघटित कामगारांसाठी ३० हजार घरांचं रे नगर, या दोन्ही कामांचा पाठपुरावा त्यांनी केला. रे नगरच्या १५ हजार घरांचं लोकार्पण १९ जानेवारी २०२४ ला पंतप्रधानांच्या हस्ते झालं, तेव्हा मास्तर आमदार नव्हते आणि त्यांचा पक्ष केंद्रात कट्टर विरोधात होता. योजनेचे नियम, जमिनीचे कागद, केंद्राचा हिस्सा, राज्याचा हिस्सा, कामगारांची नोंदणी, हे सगळं वर्षानुवर्षं जुळवल्याशिवाय एवढी वसाहत उभी राहत नाही. पदवी कुठलीही असो, कागदाला न कंटाळणारा माणूस हवा.

आजची स्थिती

२०१९ ला वयामुळे गणपतराव उभे राहिले नाहीत. त्यांचे नातू डॉ. अनिकेत देशमुख ७६८ मतांनी हरले. २०२४ ला दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख शेकापकडून सांगोल्यातून निवडून आले. २८८ च्या सभागृहात पक्षाचा एकच आमदार.

त्याच निवडणुकीने विरोधी पक्षनेतेपदाचा प्रश्न उभा केला. एकूण जागांच्या एक दशांश, म्हणजे २९ आमदार असलेल्या विरोधी पक्षाला हे पद मिळतं, असा संकेत सांगितला जातो. २०२४ ला शिवसेना ठाकरे गटाला २०, काँग्रेसला १६ आणि राष्ट्रवादी शरद पवार गटाला १० जागा मिळाल्या. २९ कुणाचेच नाहीत. पण विरोधी पक्षनेत्यांच्या वेतन आणि भत्त्यांचा १९७८ चा महाराष्ट्राचा कायदा उघडून वाचला तर त्यात एक दशांशाची अट नाही. सर्वाधिक संख्या असलेल्या विरोधी पक्षाचा नेता आणि अध्यक्षांनी दिलेली मान्यता, एवढंच तिथे आहे. म्हणजे चेंडू अध्यक्षांच्या हातात. संकेत आणि कायदा यांत फरक असतो, तो इथे असा प्रत्यक्ष दिसतो.

हे पद म्हणजे नुसती लाल दिव्याची गाडी असा समज आहे, तो सोडून द्यावा. माहिती अधिकार कायद्याचं कलम १५ बघा. राज्याचे माहिती आयुक्त निवडणाऱ्या समितीत मुख्यमंत्री, त्यांनी नेमलेले एक मंत्री आणि विधानसभेतले विरोधी पक्षनेते असतात. मान्यताप्राप्त विरोधी पक्षनेता नसेल तर सर्वात मोठ्या विरोधी गटाच्या नेत्याला त्या जागी धरायचं, हेही तिथेच लिहून ठेवलंय. कायदा करणाऱ्यांनी ती खुर्ची रिकामी राहणार नाही याची काळजी घेतली, कारण नागरिकाच्या हक्काचा पहारेकरी निवडताना समोरच्या बाजूचा एक आवाज हवाच.

आणखी एक शंका मुलं नेहमी विचारतात. आमदार झाल्यावर वकिली करता येते का? सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये यावर निर्णय दिला. आमदार-खासदार हे वकील परिषदेच्या नियमांतले पूर्णवेळ पगारी नोकर ठरत नाहीत, म्हणून ते वकिली करू शकतात.

शेवटी ज्यांना हे स्वतःच्या गावासाठी वापरायचं आहे त्यांच्यासाठी. आमदार कुठल्याही पक्षाचा असो, त्याच्याकडे नुसती तक्रार घेऊन जाऊ नका. संबंधित कार्यालयाला दिलेल्या अर्जाची पोच घ्या, आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का दिसेल अशी. ग्रामसभेचा ठराव झाला असेल तर त्याची नक्कल लावा. जमिनीचा विषय असेल तर ताजा सातबारा आणि फेरफार, पाण्याचा असेल तर पाणी मागणी अर्जाची प्रत. कार्यालयाने उत्तर दिलं नसेल तर माहिती अधिकारात विचारा, ३० दिवसांत उत्तर यायला हवं, आणि आलेलं उत्तर किंवा न आल्याचा पुरावा त्याच संचात ठेवा. वर एका पानावर तारीखवार घटनाक्रम लिहा, विशेषणं न लावता. अधिवेशनाच्या बरंच आधी हा संच आमदाराच्या हातात पडला पाहिजे, कारण तारांकित प्रश्नाची सूचना मुदतीत द्यावी लागते आणि ऐन वेळी मुंबईला निघालेल्या आमदाराच्या गाडीत टाकलेला कागद त्या अधिवेशनाच्या कामाचा राहत नाही. प्रश्न स्वीकारला गेला की विधानमंडळाच्या संकेतस्थळावरच्या प्रश्नांच्या यादीत तो सापडतो, आणि उत्तरही तिथेच वाचायला मिळतं. ते उत्तर छापून घ्या, आपल्या कागदांशी ओळीने ओळ ताडून पाहा, आणि जिथे ‘अंशतः’ लिहिलंय तिथे खूण करून पुढच्या अधिवेशनाआधी पुन्हा आमदाराकडे जा.